खोडलेली ओळ

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात मी निसर्गशिक्षणाचे काम करतो. भीमगडचे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे रान २०११ साली अभयारण्य झाले. म्हादई नदी याच रानात उगम पावते, आत मराठी बोलणाऱ्यांची जुनी गावे आहेत, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. शंभर वर्षे उलटली, तरी गुहेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना यातले काही त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेले नव्हते. ही गोष्ट मला फार दिवस टोचत होती.

म्हणून एका गावच्या देवळासमोर, संध्याकाळी, मी कापडी फलक लावले. बोलायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांतच लक्षात आले की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भलताच प्राणी उभा आहे. वटवाघूळ म्हटल्यावर त्यांना झाडाला लटकणारे, फळे खाणारे मोठे वाघूळ दिसत होते. पुढे बसलेल्या एका आजींनी चित्राकडे बोट केले आणि म्हणाल्या, "ही पाकोळी की रे बाळा, वाघूळ कुठलं?" किडे खाणाऱ्या लहान वटवाघळाला गावात पाकोळी म्हणतात; माझ्या साऱ्या तयारीत हा एक शब्द नव्हता. तिथून पुढे मी पाकोळीच म्हणत गेलो, आणि सभा एकदम जागी झाली. डोक्यावर एकमेकांना जोडलेले मोठे कान, लांब अरुंद पंख, अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून उडणारे किडे टिपणे, हे सगळे लोक आपल्या पाहण्याशी ताडून पाहू लागले. रोगाच्या भीतीचा विषयही निघाला. गुहेत शिरू नये, पाकोळीला हात लावू नये, धूर करू नये, हे मी स्पष्ट सांगितले. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होते, त्यामुळे थारा एकदा मोडला की संख्या सावरायला फार काळ लागतो.

मग सातवीतल्या एका मुलाने फलकावरची ओळ मोठ्याने वाचली: "जगात फक्त इथेच." आणि विचारले, "सर, हे खरं?"

ती ओळ मीच लिहिली होती. अनेक दशके ही जात फक्त बारापेडेहूनच माहीत होती, हे खरे. पण पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. हे मला ठाऊक होते, तरी गावाला अभिमान वाटावा या हेतूने मी जुनेच वाक्य ठेवले होते. त्या मुलाने विचारल्यावर मला तिथे उभे राहणे अवघड झाले. मी पेन घेतला, सर्वांसमोर ती ओळ खोडली आणि का खोडली ते सांगितले. गर्दी हिरमुसेल असे मला वाटले होते. मागून एक वयस्क शेतकरी म्हणाले, "म्हणजे आपल्या पाकोळीचे भाऊबंद तिकडं बी हाईत म्हणा की."

फलक मी परत घेऊन निघालो होतो, पण शाळेच्या बाईंनी तो मागून घेतला. नवा छापून देतो म्हटले, तर नको म्हणाल्या. खोडलेल्या ओळीच्या वर आता त्या मुलाच्या अक्षरात "पाकोळी" लिहिलेले आहे.