काळा धूर आणि पाव फेरा
आज दिवसभर हात डिझेलने काळे. ३००० मीटरच्या वर जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन, नॉन टर्बो, चढावर अॅक्सिलेटर दाबला की मागे नुसता काळा ढग, मागच्या गाडीवाल्याने काच वर केलेली आरशात दिसली मला 😅

कारण सरळ आहे, इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्के कमी, पण पंपाला ते कुठे कळतंय, तो डिझेल तेवढंच मारणार, मग न जळलेलं सगळं सायलेन्सरमधून बाहेर. आधी एअर फिल्टर काढून झटकला (धुळीने गच्च भरलेला होता, पण नुसत्या त्याने धूर काही गेला नाही), मग पंपावरच्या फुल लोड स्क्रूचा (जास्तीत जास्त किती डिझेल जाणार ते ठरवणारा) लॉकनट सैल केला आणि स्क्रू जेमतेम पाव फेरा बाहेर. आमच्या रोटरी पंपात बाहेर म्हणजे डिझेल कमी, दुसऱ्या पंपात वेगळं असू शकतं, आधी बघून घ्या. आयडलिंग (अॅक्सिलेटर न दाबता इंजिनाचा वेग) लगेच खाली आलं, ते त्याच्या वेगळ्या स्क्रूने परत जागेवर आणलं.

आता फुल थ्रॉटलला फिकट राखाडी धूर येतो, बास आहे की तेवढा. पिकअप वाढला वगैरे काही नाही हां, हवाच नाही तर ताकद कुठून येणार, गिअर एक खालचाच टाकावा लागतो. टायमिंगला (डिझेल कधी मारायचं त्या वेळेला) हात लावला नाही. स्क्रूची मूळ जागा पेंटने मार्क केलीय, खाली उतरलो की परत आत.