दोन वेगळी मिनिटं

आठ वर्षं मी लेबर रूममध्ये काढली. तिथे एक मिनिट म्हणजे काय हे डोक्यापेक्षा हातांना जास्त माहीत असतं. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही, की पुसायचं, ओलं फडकं काढून टाकायचं, मान सरळ ठेवायची, घाण दिसली तर आधी तोंडातली आणि मग नाकातली ओढायची, पाठ चोळायची. तरी श्वास नाही, तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग-मास्क, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवी दाबून श्वास द्यायचा. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्ही रबरी बाहुलीवर ‘दाबा, दोन, तीन’ म्हणत इतक्या वेळा बॅग दाबली होती, की रात्री झोपेतही बोटं हलायची. थांबून बघणं हा तिथे गुन्हाच.

मग माझी बदली एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात झाली. गावाकडची माणसं त्याला ‘पेटीचा वॉर्ड’ म्हणतात. आमचं मराठवाड्यातलं एक जिल्हा रुग्णालय. आजूबाजूच्या तालुक्यांतली आजारी, कमी वजनाची, कमी दिवसांची बाळं आमच्याकडे येतात. मला वाटलं, बाळंच तर आहेत, त्यात नवीन काय शिकायचं? पहिल्याच सकाळी एक बाळ जोरात श्वास घेताना दिसलं आणि माझा हात थेट ऑक्सिजनच्या फ्लोमीटरकडे गेला. इन्चार्ज सिस्टरनी मागून मनगट धरलं. “अगं, ते श्वास घेतंय ना? मग आधी बघ. कपडा बाजूला कर, हात मागे घे आणि पूर्ण एक मिनिट नुसती बघ.”

मी पंधरा सेकंद मोजले. आठ श्वास. चारनं गुणून बत्तीस सांगितले. सिस्टर म्हणाल्या, परत मोज. पुढच्या पंधरा सेकंदांत सतरा, म्हणजे अडुसष्ट. एकच बाळ, एकच मिनिट, आणि एका हिशोबानं श्वास कमी तर दुसऱ्यानं धाप! पूर्ण मिनिट मोजल्यावर निघाले बावन्न, म्हणजे नॉर्मल. कमी दिवसांची बाळं अशीच असतात. भराभर श्वास घेतात, मग पाच-सात सेकंद गप्प राहतात, परत सुरू होतात. थांबणं २० सेकंदांवर गेलं, किंवा त्याआधीच हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले, तर ती धोक्याची गोष्ट. तोवर तो त्यांचा स्वभाव. गुणाकारानं तो कळत नाही. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते ६० नेमके कसे मोजायचे, हे मी वयाच्या पस्तिशीत शिकले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना मणी सरकवून बाळाचे श्वास मोजायला शिकवलं, हे मी नर्सिंगला असताना ऐकलं होतं. तेव्हा वाटलं होतं, अक्षरओळख नाही म्हणून मणी. आता वाटतं, मणी मलाही चालले असते.

मोजणं जमल्यावर बघणं आलं. श्वासाचा त्रास किती आहे ते आकड्यात मांडायला कमी दिवसांच्या बाळासाठी सिल्व्हरमन स्कोअर, दिवस भरलेल्यासाठी डाउन्स स्कोअर. विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांनी १९५६ मध्ये मांडलेला तो तक्ता आमच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, कडा पिवळ्या पडलेल्या. पाच गोष्टी बघायच्या. छाती आणि पोट एकत्र वर येतात, की छाती खाली जाताना पोट वर येतं, तराजूच्या पारड्यांसारखं. खालच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते का. छातीच्या हाडाखाली खळगा पडतो का. नाकपुड्या फुलतात का. आणि कण्हणं. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन.

इथे माझी एक फजिती झाली. लेबर रूममध्ये ॲपगारची सवय, जन्मल्या जन्मल्या बाळाची तब्येत मोजायचा तो स्कोअर. तिथे दहा म्हणजे उत्तम, आणि सात म्हटलं की मी सुटकेचा श्वास टाकायचे. सिल्व्हरमनमध्ये सगळं उलटं, शून्य म्हणजे बाळ मजेत आणि दहा म्हणजे टोक. पहिल्या आठवड्यात एका बाळाचा स्कोअर सात लिहून मी शांतपणे पुढच्या वॉर्मरकडे, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याकडे गेले. राउंडला आलेल्या सरांनी केसपेपर वाचला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पाचांपैकी कण्हण्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. नातेवाइकांना तो आवाज बारीक रडण्यासारखा वाटतो. “रडतंय की, म्हंजी बरंय,” असं एक आजोबा मला समजावून सांगत होते. खरं म्हणजे बाळ तेव्हा स्वतःवर स्वतःच उपचार करत असतं. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा निसरडा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे श्वास सोडला की हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्यानं उघडाव्या लागतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते, तसा प्रत्येक श्वास. मग बाळ काय करतं? श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत अडवून धरतं, पिशव्या मिटू नयेत म्हणून. अडवलेली हवा बाहेर पडतानाचा आवाज म्हणजे ते कण्हणं.

सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हवेचा दाब देणारं मशीन, हेच काम बाहेरून करतं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी २० बाळांना असा सतत दाब दिला आणि त्यातली १६ वाचली. आमचं मशीन दिसायला गंमतशीर आहे. बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या, आणि दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडाली की पाचचा दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. चार दिवसांचं प्रशिक्षण झाल्यावर दोन आठवडे मला एका मेडिकल कॉलेजच्या युनिटमध्ये नुसतं बघायला पाठवलं होतं. तिथे या बुडबुड्यांचं वेडच लागलं. बुडबुडे बंद झाले, तर आधी मशीनला नाही, बाळाला बघायचं. तोंड उघडं आहे का, नळी नाकातून निसटली का, टोपी सैल होऊन पट्टा सरकला का. नळी नाकाच्या मधल्या पडद्याला टेकू द्यायची नाही, बारीक फट ठेवायची, नाहीतर कातडी सोलते. आणि तोंडातून पोटात एक नळी उघडी ठेवायची, कारण हवा पोटातही जाते आणि पोट फुगलं की श्वासाला जागा उरत नाही. या सगळ्याला डॉक्टर लागत नाही. रात्रभर जागी असणारी सिस्टर लागते.

परत आल्यावर तिसऱ्याच रात्री १०८ची गाडी आली. बत्तीस आठवड्यांचं बाळ, ग्रामीण रुग्णालयातून पाठवलेलं, वजन १ किलो ४०० ग्रॅम. आई बाळंतपणानंतर तिकडेच भरती, सोबत आजी. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. आजी एवढंच म्हणत होती, “पोट लई उडतंय बगा सिस्टर, लई उडतंय.” डॉक्टरी भाषेत जे लिहायला मला अर्धं पान लागलं असतं, ते तिनं दोन शब्दांत सांगितलं होतं.

जुनी मी असते तर ऑक्सिजन लावून सरांना फोन करायला धावले असते. त्या रात्री आधी तळपाय धरले. गारढोण. ताप मोजला, ३४.८. म्हणजे दुखणं एकट्या छातीचं नव्हतं. गार पडलेलं बाळ ऊब राखायला ऑक्सिजन आणि साखर दोन्ही जाळतं, आणि श्वासाचा त्रास आणखी वाढतो. वॉर्मरखाली घेतलं, ओलसर कपडा काढला, टोपी घातली, मानेखाली नव्हे, खांद्याखाली कापडाची पातळ घडी ठेवली. मान फार मागे गेली तरी श्वासनलिका दबते, आणि हे बाहुलीवर कितीही केलं तरी खऱ्या बाळाच्या मुठीएवढ्या मानेवर हात चुकतोच. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब उजव्या मनगटाला लावला, कारण मेंदूकडे जाणारं रक्त कसं आहे ते तिथे कळतं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८२ टक्के. हे सगळं करत असतानाच दुसऱ्या सिस्टरनं सरांना बोलावलं आणि ऑक्सिजन सुरू केला. नंतर मी माझं मिनिट घेतलं. श्वास ७४, कण्हणं स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येत होतं, स्कोअर ६. टाचेतून साखर तपासली तर ३२. आमची खालची मर्यादा ४५ची. सरांनी दहा टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, शिरेतून किलोला दोन मिली या हिशोबानं दिलं, म्हणजे २.८ मिली. इतकुशा औषधानं काय होणार, असं मला आजही दर वेळी वाटतं. पाचच्या दाबावर सीपॅप सुरू झालं.

रेफर चिठ्ठीवर एक ओळ होती, आईला डेक्सामेथासोनचे दोन डोस दिलेत. बाळ लवकर होणार असं दिसलं की त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. तिथल्या कुणीतरी निदान दोन दिली होती, आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवली होती. अर्धी अक्षरं पुसलेल्या चिठ्ठ्या वाचण्यात आमचा किती वेळ जातो, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

पहाटे तीनला ताप ३६.६, साखर ७१, स्कोअर ३. ऑक्सिजन तीस टक्क्यांवर. बाहेरून सर्फॅक्टंट द्यायची गरज पडली नाही.

आणि मग माझ्याकडून एक चूक झाली. पहाटे पाचच्या सुमारास स्क्रीनवर सॅच्युरेशन ९९ दिसलं आणि मला फार बरं वाटलं. तसंच राहू दिलं. सहाला इन्चार्ज सिस्टर आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच बघितलं. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ पुरे. त्याहून जास्त ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या कच्च्या रक्तवाहिन्यांना बाधतो. मोठ्या माणसाला शंभर म्हणजे पैकीच्या पैकी, या बाळाला नाही. त्या ओरडल्या नाहीत. अलार्मची वरची मर्यादा कुणीतरी बंद करून ठेवली होती, ती त्यांनी ९६वर आणली आणि म्हणाल्या, “आता हे तुला ओरडेल.” एकवीस टक्के म्हणजे आपण घेतो तीच हवा. बाळ दुपारपर्यंत तिथे आलं.

चौथ्या दिवशी सीपॅप निघालं. आई आली होती, तिच्या छातीशी बाळ बांधून दिलं. ती तासभर हलली नाही, नाक खाजवायलासुद्धा.

सव्विसाव्या दिवशी डिस्चार्ज झाला आणि महिना भरताना डोळ्यांच्या तपासणीची तारीख दिली. आजी आणि आई दोघी आल्या. डोळ्यांत थेंब घालून आम्ही बाकावर बसलो होतो, बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. आजी म्हणाली, “दुखणं छातीचं, अन् तपासता डोळे?” मी तिला सांगितलं, छातीसाठी जी हवा दिली ती जास्त झाली तर डोळ्यांना त्रास देते, म्हणून बघायचं. त्या पहाटेचं तासाभराचं ९९ माझ्या मनात होतं, ते नाही सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मीठासारखंच की मग.”

डॉक्टरांनी बघून सांगितलं, आत्ता ठीक आहे, पण पडदा अजून पूर्ण भरलेला नाही, दोन आठवड्यांनी परत आणा. तारीख गुरुवारची निघाली. गुरुवारी त्यांच्याकडे बाजार असतो, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मी आत जाऊन शुक्रवार करून आणला.