काखेतलं पिस्तूल उघडं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

ह्यूस्टनमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणीही भेटलं की तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पिस्तूल का, हे कुणी विचारत नाही. सोन्याची जोखीम गाडीतून पोचवणारा माणूस आहे मी. विचारतात ते एवढंच, की झाकून ठेवता येत नाही का?

येतं की. पण माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. ते वजन कमरेला अडकवून गाडी चालवली की अर्ध्या तासात डावा पाय बधिर होतो. शोल्डर होल्स्टरमध्ये, म्हणजे खांद्यांवरच्या पट्ट्यांना काखेत लटकणाऱ्या म्यानात, भार दोन्ही खांद्यांवर येतो, डाव्या काखेत पिस्तूल, उजव्या काखेत गोळ्यांचं जादा मॅगझिन. वर जॅकेट हवं, मान्य. ऑगस्टमध्ये इथे जॅकेट घालून फिरून दाखवा, मग बोलू.

शिवाय कायदा माझ्या बाजूने आहे. टेक्ससने १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना उघडं पिस्तूल बाळगायची मुभा दिली, ती 'खांद्याच्या किंवा कमरेच्या होल्स्टरमध्ये' अशा शब्दांत. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. दारावर ३०.०७ ची पाटी, म्हणजे 'उघडं पिस्तूल आत आणू नका', दिसली, की मी ते घेऊन आत पाऊल टाकत नाही.

पूर्वी मी तावातावाने सांगायचो, लपवणाऱ्याच्या मनात पाप असतं, आणि दिसलं की चोर दोनदा विचार करतो. करत असेलही. पण आधी कुणाला आडवं करायचं, हेही त्याला दिसतंच ना? त्यात या होल्स्टरमध्ये मूठ पुढे असते, समोरच्याच्या हाताला अगदी सोयीची. उपसताना नळी स्वतःच्याच डाव्या दंडावरून फिरते, म्हणून नेमबाजीच्या सरावाच्या कित्येक रेंजवर यातून उपसू देत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलत नव्हतो.

३ ऑगस्ट २०१९ ला टेक्ससमधल्याच एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला. त्याच आठवड्यात मी इथल्या हिलक्रॉफ्ट रस्त्यावर किराणा घ्यायला गेलो होतो. रांगेत उभा राहून बायकोशी फोनवर कोथिंबिरीवरून वाद चालू होता, म्हणून मागच्या माणसाला मी मराठी असल्याचं कळलं असणार. फोन ठेवल्यावर आवाज आला, "अहो, याचं तोंड माझ्याकडे आहे."

वळून पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, हातात कढीपत्त्याची पुडी, शेजारी पाचेक वर्षांची नात. माझं होल्स्टर आडवं, म्हणजे नळी थेट पाठीमागे. मी म्हटलं, "काका, चाप पूर्ण झाकलेला असतो. आपोआप नाही उडत."

"ते मला नका शिकवू. फौजेत होतो मी. रिकामं असलं तरी नळी माणसाकडे करायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं." आणि त्यांनी नातीला खांद्याला धरून आपल्या पलीकडे घेतलं.

मी अंग तिरकं केलं, तर नळी शेजारच्या रांगेतल्या बाईंकडे. पुरता त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो, तर ती काउंटरवरच्या पोराच्या छातीला. जिकडे वळावं तिकडे कुणी ना कुणी होतंच. शेवटी तसाच पैसे देऊन निघालो. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. चाप झाकलेला होता, हे खोटं नव्हतं. पण त्यांनी विचारलेलं ते नव्हतंच.

शिवाय गोऱ्याच्या काखेत पिस्तूल म्हणजे टेक्सन ऐट, आपल्या काखेत म्हणजे भानगड. हे मी त्या काकांना सांगू शकलो नाही, कारण ते तर आपलेच होते.

पुढे नळी खाली राहील असं उभं होल्स्टर घेतलं. ते बसताना बरगडीत टोचतं आणि मांडीवर येतं. आता वरून पातळ शर्ट, बटणं उघडी. वारा आला की दिसतं, दिसू दे. सोडलेलं नाही, सोडेन असंही वाटत नाही. मंडळाच्या गणपतीला मात्र घरी ठेवून येतो. गाडीत ठेवा म्हणता, तर काच फोडून नेतात. मग तुम्हीच विचाराल, गाडीत कशाला ठेवलंत?