आधी उलट बाजू

"ताई, ब्रोकेटचं ब्लाउज कधी मिळेल?" लग्नसराईत हे दिवसातून चारदा ऐकते. ब्रोकेट म्हणजे चमकतं, जाड असतं आणि काखेत टोचतं, इतपत ओळख सगळ्यांची असते. नाशकात शिलाईचं दुकान घातलं तेव्हा माझीही तेवढीच होती. आता कापड हातात आलं की मी आधी ते उलटं करते. गिऱ्हाइकाला वाटतं, मी डाग शोधतेय.

मागच्या बाजूला धाग्यांचं रान माजलेलं दिसलं की समजायचं, हे ब्रोकेट. नक्षीची जर किंवा रेशीम हा त्यात जास्तीचा धागा असतो. पुढे फूल आलं की तो वर येतो, फूल संपलं की मागे जातो आणि पुढच्या फुलापर्यंत तसाच लोंबत राहतो. बांगडी अडकते ती तिथेच. बनारसी कामात याचेही दोन प्रकार आहेत. फेकुआत धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात आणि मागचा लोंबता भाग नंतर कापून टाकतात. कढुआत प्रत्येक बुट्टी वेगळ्या धाग्याने, जागच्या जागी विणतात. कढुआची मागची बाजू आवरलेल्या घरासारखी असते, किंमतही तशीच. फेकुआला अस्तर लावल्याशिवाय मी ब्लाउज शिवत नाही, मग कुणी कितीही घासाघीस करो.

तर मागच्या श्रावणात एक काकू आल्या. स्टीलच्या डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली नऊवारी पैठणी. राघू रंग, म्हणजे पोपटाचा हिरवा. सासूबाईंच्या लग्नातली. "अगं, नातवाचं बारसं आहे. हिची कुंची होईल का बघ."

मी घडी उलगडायला लागले आणि हात आखडला. घड्यांवर रेशीम पार विरलं होतं, जुन्या पोथीच्या पानासारखं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की असंच होतं. दर चार-सहा महिन्यांनी घडी बदलावी, डांबराच्या गोळ्या जरीला चिकटून ठेवू नयेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. जरही काळवंडली होती. मला मात्र त्याचा आनंदच झाला. काळी पडते म्हणजे चांदी असू शकते. सुटलेली एक तार नखाने खरवडली, तर आत पिवळं रेशीम. त्या रेशमावर चपटी केलेली चांदीची तार गुंडाळायची आणि तिला सोन्याचं पाणी द्यायचं, याला आपल्याकडे कलाबूत म्हणायचे. आजकाल बहुतेक साड्यांत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा नाहीतर सरळ प्लास्टिकची चकाकी असते.

मग सवयीने पदर उलटा केला. मागे एकही धागा लोंबत नव्हता. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. काकू म्हणाल्या, "काय शोधतेस गं?" मी म्हटलं, "काकू, सुलट बाजू शोधतेय."

पैठणीला दुकानात ब्रोकेटच्या ढिगात टाकतात, पण अस्सल जुनी पैठणी त्यातली नव्हेच. तिच्यात नक्षीचा धागा जास्तीचा नसतो. बाणाच, म्हणजे आडवा धागाच, जागोजागी रंग बदलत जातो. मी भिंग लावून एक कमळ पाहिलं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. गुलाबी रेशीम पाकळीच्या कडेपर्यंत येतं, शेजारच्या जरीला एक वेढा देतं आणि वळून परत पाकळीत जातं. जरही तशीच आपल्या हद्दीतून मागे फिरते. दोघांच्या मध्ये फट नाही आणि मागे गाठ नाही. किनखापात, म्हणजे भारी जरीच्या ब्रोकेटमध्ये, जमीन रेशमाची नि नक्षी जरीची. इथे पदराची जमीनच जरीची आणि फुलं रेशमाची, सोन्यावर मीनाकारी करावी तशी.

येवल्याला एका घरात हे होताना पाहिलंय. मागावर पदर चढलेला, रुंदीभर रंगारंगाच्या कांड्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या काड्या, लोंबत होत्या. विणकर बोटांनी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजून उचलायचा, कांडी आत सारायचा, शेजारणीत अडकवायचा, मग पुढची. सगळी रांग झाली की फणीचा एक ठोका. तास-दीड तास बसले, पदर बोटाच्या पेराएवढाही सरकला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

ब्रोकेटचं कसब कमी आहे असं नाही हं. उलट माझ्या मते डोकं तिथे जास्त लागतं. बनारसला नक्षबंद, म्हणजे नक्षी बांधणारे कारागीर, आधी धाग्यांचंच जाळं बांधायचे. कुठल्या फेरीला ताण्याचे कुठले धागे उचलायचे, हे सगळं त्या जाळ्यात आधीच लिहून ठेवलेलं. आपल्या औरंगाबादच्या हिमरू कापडाला तर मागाच्या वर एक पोरगा बसायचा आणि खालच्या हाकेसरशी दोऱ्या ओढायचा. फ्रान्समधल्या लियाँमध्येही असेच मदतनीस होते. १८०४ च्या सुमारास जॅकार्ड नावाच्या कारागिराने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ते काम सोपवलं. तेच पुठ्ठे पुढे आपल्याकडेही आले. आज यंत्रमागावर दीड हजारात 'पैठणी' मिळते ती त्याच वाटेने. हातमागावरही जॅकार्डचं यंत्र लावून विणतात, आणि येवल्याचे लोक तिला सरळ 'ब्रोकेट पैठणी' म्हणतात. त्यात लपवाछपवी नाही. लपवाछपवी दुकानात सुरू होते.

हिमरूवर माझा विशेष जीव आहे. ताणा सुताचा, नक्षी रेशमाची. किनखाप परवडत नाही पण तो डौल हवा, अशांसाठीचं कापड. पाठीमागे धाग्यांचा सैल थर असतो, म्हणून थंडीत ऊब देतं. म्हणजे मागचा पसाराही कामाला आला.

बाकी पैठणीला दोन हजार वर्षं झाली असं जो तो सांगतो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तात पैठणचं नाव आहे खरं, पण तिथून भडोच बंदराला जायचे ते अकीकासारखे दगड. कापड जायचं ते तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. व्याख्यानात हे ऐकलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं.

त्याहून वाईट घरचं आहे. माझ्या आजीची पैठणी मी पाहिलीच नाही. मी तीन-चार वर्षांची असताना जुनी जर घेणारा एकजण दारावर आला होता. त्याने साडी वजनावर घेतली. साडी जाळली की रेशमाची राख होते आणि चांदीचा गोळा उरतो. त्या पैशात आमच्या घराचं छप्पर झालं, तेव्हा आईला बोल लावायची सोय नाही. ती अजून म्हणते, "फाटकीच होती गं." कुठे फाटली होती ते मात्र तिला आठवत नाही.

काकूंना मी सांगितलं, पदराला कात्री लावणार नाही. त्या म्हणाल्या, "मग कुंची कशाची?" साडीचं अंग साधं होतं, बुट्ट्या नव्हत्या, आणि दोन घड्यांच्या मधे रेशीम अजून धड होतं. तिथून कापलं. काठाची पट्टी चेहऱ्याभोवती आणि खाली फिरवली. कात्री पहिल्यांदा चालवताना रेडिओ बंद केला होता, हे कबूल करते. अस्तर लावलं नाही, पलटी शिवण घातली, म्हणजे बाळाच्या मानेला काही टोचायला नको. पदर पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलीसकट गुंडाळून परत दिला. टेबलावर पडलेल्या जरीच्या तारा काकूंनी चिमटीने गोळा केल्या आणि पाकिटात टाकल्या. मी मागणारच होते.

बारशाचा फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. पाळण्यात बाळ डोळे मिटून, भोवती आत्या-मावश्या, आणि डोक्यावर कुंची उलटी घातलेली. शिवणीवरून मला कळलं. तिथल्या चाळीस बायकांत कुणालाही कळलं नव्हतं.