हॉटडिश: घाईच्या रात्रीचा खिमा-बटाटा

इकडे मिनेसोटात कुणाकडे बाळ झालं, कुणाच्या घरचं माणूस गेलं किंवा कुणी नुसतं नव्या घरात राहायला आलं, की शेजारीपाजारी झाकलेला काचेचा ट्रे घेऊन दारात हजर होतात. ट्रेच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने आडनाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं कुणाचं यावरून नंतर घोळ नको. आत खाली खिमा, त्यावर मश्रूमच्या सूपचा दाट थर, आणि सगळ्यात वर बोटाच्या पेराएवढे बटाट्याचे खरपूस गोळे शिस्तीत रांगेने मांडलेले. ही हॉटडिश. बाकीची अमेरिका या प्रकाराला कॅसरोल म्हणते. इथे तसं म्हटलंत तर लोक हसतात आणि तुम्हाला सुधारतात.

आधी गोमांसाचं बोलून टाकू, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. मूळ हॉटडिश बीफच्या खिम्याचीच. इथल्या कुठल्याही किराणा दुकानात एक पाऊंडाचं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचं पाकीट मिळतं आणि त्यावर मांस व चरबीचं प्रमाण छापलेलं असतं: ८०-२०, ८५-१५, ९३-७. मी खातो, बायको खात नाही, आणि त्यावरून आमच्यात कधी तोंड वाजलेलं नाही. ट्रे दोन आहेत, प्रश्न मिटला. तिच्या ट्रेमध्ये टर्कीचा नाहीतर बोकडाचा खिमा. मिनीॲपोलिसमध्ये सोमाली वस्ती मोठी आहे आणि त्यांच्या हलाल दुकानांत बोकडाचं मटण उत्तम मिळतं. सांगितलं तर समोर खिमा करून देतात. महाराष्ट्रात तर २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा तिकडे करून बघणाऱ्यांनी मटण किंवा चिकनचा खिमा घ्यायचा. वेळा त्याप्रमाणे बदलतात, ते पुढे येईलच.

हॉटडिशची सगळ्यात जुनी म्हणून सांगितली जाणारी पाककृती १९३० सालची आहे. मँकॅटो नावाच्या गावातल्या ग्रेस ल्युथरन चर्चच्या महिला मंडळाने काढलेल्या पुस्तिकेत ती छापलेली आहे. त्यात खिमा, कांदा, सेलरी, डब्यातले वाटाणे, टोमॅटो सूप आणि मॅकरोनी आहे. बटाट्याचा पत्ताच नाही! मंदीचे दिवस, बाहेर बर्फ, थोडक्या मांसात पंगत उठवायची. त्यामुळे जे डब्यात मिळेल ते एका ट्रेमध्ये. १९३४ मध्ये कॅम्पबेल कंपनीचं मश्रूम क्रीम सूप आलं आणि या घरांत असं बसलं, की लोक त्याला गमतीने ‘ल्युथरन बाइंडर’, म्हणजे ल्युथरन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं सगळं एकत्र धरून ठेवणारं ‘चिकट’, म्हणू लागले. वरचे गोळे, म्हणजे टेटर टॉट्स, १९५३ चे. ओर-आयडा कंपनीच्या ग्रिग बंधूंकडे फ्रेंच फ्राइज कापताना बटाट्याचे बारके तुकडे ढिगाने उरायचे आणि ते गुरांपुढे जायचे. तेच कुटून, पीठ-मीठ लावून, दाबून त्यांनी विकायला काढले. तर ज्याला इथले लोक आजीच्या हातचं म्हणून डोळे मिटून खातात, त्याचे वरचे दोन थर कारखान्यातून आलेले. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आजीलाही दिवसभर कामं असणारच.

आणि हा पदार्थ नुसता चर्चच्या तळघरापुरता नाही. इथले खासदार आणि सिनेटर पक्षभेद विसरून वॉशिंग्टनमध्ये हॉटडिशची स्पर्धा भरवत आले आहेत. ॲल फ्रँकन सिनेटर असताना त्यांनी ती सुरू केली. पुढे गव्हर्नर झालेले टिम वॉल्झ खासदारकीच्या काळात ती एकाहून जास्त वेळा जिंकले. निवडून यायला इथे हॉटडिश करता यायला हवी असं कुठे लिहिलेलं नाही, पण येत नसेल तर निदान कबूल करू नये.

आमच्या घरी ऑफिसातून मी आधी पोचतो. बायको हॉस्पिटलात, तिच्या शिफ्टचा भरवसा नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, घरी येईपर्यंत मिट्ट काळोख, आणि मुलगी दारातच ‘काय आहे जेवायला?’ विचारते. अशा वेळी पोळ्या लाटायचा उत्साह नसतो. ओव्हन लावला की जेवणही होतं आणि स्वयंपाकघरही ऊबदार होतं. म्हणून हॉटडिश घरात आली आणि टिकली.

आता तिच्यात बदल काय करायचे? भारतीय मित्रांच्या घरी एकच उत्तर ठरलेलं असतं: गरम मसाला. खिमा म्हटला की हात डब्याकडे जातोच. माझं मत विचाराल तर मश्रूमच्या त्या दुधा-मैद्याच्या थरात गरम मसाला शोभत नाही. सामोशाचं सारण खिरीत पडल्यासारखं लागतं. पांढऱ्या थराला काळी मिरी आणि किसलेलं जायफळ पुरतं. तिखट हवं असेल तर तो थरच काढून टाकायचा आणि पूर्ण वेगळी, टोमॅटोतली हॉटडिश करायची. त्यात कांदा-लसूण मसाला. मी सांगलीचा, तेव्हा यात पक्षपात आहे हे धरून चाला. पण दोन्ही एका ट्रेमध्ये नको.

मसाल्यापेक्षा जास्त फरक पडतो तो पाण्याने. इथल्या हॉटडिशबद्दल बहुतेक देशी लोकांची तक्रार असते की पानात वाढली की खाली पाणी सुटतं आणि चव पातळ लागते. त्याचं कारण कढईत आहे. इथली पद्धत अशी, की खिमा रंग बदलेपर्यंत परतायचा, सूप ओतायचं, गोठवलेल्या फरसबी किंवा मक्याचं पाकीट वरून रिकामं करायचं, ट्रे आत. बर्फाचं पाणी, खिम्याचं पाणी, सगळं आतच. आपल्याकडे खिमा ‘सुटा होईपर्यंत’ परततात, तेच इथे करायचं. कढई चांगली तापू द्या. खिमा टाकून लगेच ढवळत बसू नका. एका बाजूने तपकिरी होऊ द्या, मग फोडा. सुरुवातीला पाणी सुटून कढईत खळखळ आवाज येतो, ते आटलं की आवाज बदलून चरचर सुरू होते. तोवर थांबायचं. मग कांदा, मग भाज्या थेट पाकिटातून, आणि त्यांचंही पाणी आटवायचं. बीफ ८५-१५ असेल तर तेल लागत नाही, सुटलेल्या चरबीतच कांदा होतो. ८०-२० असेल तर जास्तीची चरबी काढून टाका. टर्की मात्र कोरडी, तिला दोन चमचे तेल हवंच.

बीफ किंवा टर्की आठ-दहा मिनिटांत होते. बोकडाचं तसं नाही. ते चिवट, त्याला कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या द्याव्या लागतात आणि नंतर उघड्या कढईत आटवावं लागतं. म्हणून मटणाचा खिमा मी रविवारीच करून ठेवतो. झिपच्या पिशवीत भरून, हाताने चपटा पसरून फ्रीझरमध्ये आडवा. गोळा करून ठेवला तर मधला भाग तासभर दगड राहतो. चपटा केला की गार पाण्यात वीसेक मिनिटांत सुटतो.

डब्यातलं सूप वाईट नाही, पण भयंकर खारट असतं. ते वापरलंत तर खिम्यात मीठ घालू नका आणि त्यात पाणीही घालू नका; डब्यावर सूप म्हणून पिताना पाणी घालायची सूचना असते, ती इथे लागू नाही. मी बहुतेक वेळा घरीच करतो. दोन मोठे चमचे लोणी, त्यात बारीक चिरलेले पाच-सहा मश्रूम लालसर होईपर्यंत, मग दोन मोठे चमचे मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, आणि दीड कप दूध थोडं थोडं. पिठल्याच्या गुठळ्या मोडायची सवय इथे कामी येते. चमच्याच्या पाठीवर थर राहिला की बंद. पाऊंडभर खिम्याला एवढं पुरतं.

राहिला बटाटा. टॉट्सचं पाकीट उघडणं सगळ्यात सोपं, आणि दमलेल्या दिवशी मी तेच करतो. पण मला आवडतो तो आपला बटाट्याचा कीस. उपासाचा कीस खिम्यावर पसरलेला आईने पाहिला तर ती काय म्हणेल ते इथे लिहीत नाही. बटाटे सालासकट दहा-बारा मिनिटं उकळून, अर्धे कच्चे असतानाच काढायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो, मग जाड किसणीवर किसले की लांब लांब सुटे धागे निघतात, लगदा होत नाही. कच्चे किसले तर पाणी सुटतं आणि कीस काळा पडतो. तीन मध्यम बटाट्यांच्या किसाला दोन चमचे पातळ तूप आणि मीठ चोळायचं आणि न दाबता, भुरभुरवून पसरायचं. दाबलात तर खालची वाफ अडते आणि कीस खरपूस होत नाही. इथला रसेट जातीचा, भुसभुशीत बटाटा किसाला चांगला. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात लाल सालीचा बटाटा अमाप पिकतो. तो चिकट असतो, काप करून थर लावायचे तर तो घ्या.

कापांचं एक सांगायला हवं. टोमॅटोतल्या हॉटडिशमध्ये कच्चे काप टाकले तर तास उलटला तरी ते दाताखाली करकरतात. टोमॅटोच्या आंबटपणात बटाटा मऊ पडायला फार वेळ लागतो. आपल्याकडे डाळ शिजल्याशिवाय चिंच-कोकम घालत नाहीत, तोच हिशेब. तेव्हा काप आधी मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकळून घ्या, मगच टोमॅटोच्या संगतीला पाठवा.

कामाच्या दिवशीचा क्रम असा: बूट काढायच्या आधी ओव्हन २०० डिग्री सेल्सिअसवर, इथल्या भाषेत ४०० फॅरनहाइट. खिम्याची पिशवी पाण्यात. तेवढ्यात पांढरा थर. खिमा गरम करून ट्रेमध्ये, त्यावर थर, त्यावर कीस, आणि आत. सगळं आधीच शिजलेलं असल्यामुळे तीस-पस्तीस मिनिटं फक्त कडा खदखदायला आणि वरचा रंग यायला. रात्रीच ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर धातूचा घ्या. फ्रिजमधलं गार काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये घातलं तर तडकू शकतं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. थर निवताना घट्ट होतो आणि चौकोनी तुकडा अखंड निघतो. त्या दहा मिनिटांत काकडीची कोशिंबीर होते. ती इथल्या कुठल्याच पाककृतीत नाही, पण एवढ्या लोणी-दुधाबरोबर काहीतरी गार आणि आंबट हवंच.

तिकडे ओटीजी असेल तर ट्रे लहान घ्या आणि वरची कॉइल शेवटची पाच-सात मिनिटंच लावा, ती जवळ असते, कीस पटकन जळतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर कीस झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी खरपूस करून घ्या आणि गरम खिम्यावर उपडा करा. शुद्ध हॉटडिश नव्हे, पण खाणारा तक्रार करत नाही.

मुलीला वर चीज लागतं. मी घालतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत आणि तिच्याच कोपऱ्यात. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतो. सकाळी वेळ असेल तर तव्यावर किसाची बाजू खाली करून ठेवायचा आणि पोळीत गुंडाळायचा. कांदा-लसूणवाला माझ्या डब्यात जातो. ऑफिसात त्याच्या वासाने दोघं-तिघं येऊन वाकून बघतात आणि काय आहे विचारतात. हॉटडिश म्हणून सांगितलं की मान डोलावतात, आणखी जरा वाकून बघतात, आणि मग अगदी मनापासून काळजीने विचारतात, की टॉट्स कुठे आहेत?