आमची वाटचाल : आधी गळती, मग कॉम्प्रेसर

एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी गाडी दारात आली की बहुतेक मिस्त्री 'शोरूमला न्या' म्हणून मोकळे व्हायचे. त्या काळात आम्ही नेमकं हेच काम धरलं. आम्ही म्हणजे दोघं. मी शॉकअप-बुशच्या कामात मुरलेला आणि भागीदार ऑटो इलेक्ट्रिशियन. फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर गेल्याची तक्रार आली की तो कॉम्प्रेसरला हात न लावता आधी रिले, म्हणजे त्याच्या मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच, उपटायचा, टोपण उघडायचा आणि कॉन्टॅक्ट माझ्या नाकासमोर धरायचा. काळेठिक्कर पडलेले, कधी एकमेकांना चिकटलेले. ते चिकटले की कंट्रोल युनिटने कितीही 'बंद' म्हटलं तरी मोटर फिरतच राहते आणि शेवटी जळते. "हा मेला नाही, याला मारलंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मारणारा कोण, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. फुगा. त्याचं रबर पिस्टनवर, म्हणजे फुग्याच्या बुडाच्या नळकांड्यावर, जिथे दुमडतं तिथेच आधी चिरतं. घडीत चिखल, बारीक वाळू अडकली की चाकाच्या प्रत्येक हालचालीला रबर घासत राहतं. सुरुवातीची गळती इतकी बारीक असते की चालत्या गाडीत कळतच नाही, कारण कॉम्प्रेसर तूट भरून काढतो आणि तापतो. त्यात ड्रायर, म्हणजे हवेतली ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा. एरवी गाडी खाली घेताना सुटणारी हवा ड्रायरमधून उलटी जाते आणि दाण्यांतली ओल घेऊन बाहेर पडते. फुग्यालाच भोक असेल तर हवा तिकडूनच पसार. दाणे सुकायचे राहतात आणि ओल फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचते. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे फुटक्या टाकीला मोठा पंप लावणं.

मधली वर्षं बरी गेली.

मग शेजारी एक चकाचक वर्कशॉप उघडलं. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. तिथे गाडी गेली की तासाभरात नवा कॉम्प्रेसर. तो जळून गाडी परत आली की 'ही सिस्टिमच भंगार, कॉइल टाका', म्हणजे फुगे काढून लोखंडी स्प्रिंग बसवा. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण 'पलीकडचे लोक गाडी उगाच रात्रभर अडकवून ठेवतात' असं त्यांनी पसरवलं. अहो, रात्रभर ठेवल्याशिवाय बारीक गळती दिसणार कशी? संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, चारही कोपरे लिहून ठेवायचे, सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजायचे. एकच कोपरा बसला तर फुगा, नाहीतर त्याची नळी किंवा जोड. मागचे दोन्ही कोपरे सारखेच बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉकवरही संशय घ्यायचा. मग साबणाचं पाणी. स्कॅनर फॉल्ट कोड दाखवतो, भोक दाखवत नाही.

गिऱ्हाईक तिकडे वळलं. हाताखालची पोरं तिकडेच गेली, ती इथे शिकलेली होती हे कोण बघतो. लिफ्टचा हप्ता थकला. टायर काढायचं मशीन विकलं. भागीदाराने दुसरीकडे नोकरी धरली. त्याच्यावर राग नाही, घर त्यालाही चालवायचं होतं.

त्या दिवसांत एक डॉक्टरबाई तेवढ्या टिकल्या. त्यांची जुनी सेडान तिकडेही दाखवून झाली होती. मी गाडी वर घेतली, पुढचा डावा फुगा बोटांनी उलगडून बॅटरीच्या उजेडात धरला आणि घडीवर फवारा मारला. केसासारख्या चिरेवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठायला लागले. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मला कॉम्प्रेसर का विकत होते?" मी काय बोलणार! तेव्हापासून त्या स्वतः टेप लावतात आणि चार आकड्यांचा कागद दर महिन्याला पाठवतात. त्यांच्या ओळखीने आलेल्या गाड्यांनी लिफ्ट वाचली.

कॉइल टाकण्याची घाई आजची नाही. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम या अमेरिकी गाडीत चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन होतं. त्यातली हवा गळायला लागली आणि बऱ्याच मालकांनी कॉइल बसवून घेतल्या. पण तेव्हाचं रबर वेगळं, आताचं वेगळं. आताचा फुगा नीट राखला तर आठ-दहा वर्षं सहज काढतो. राखायचं म्हणजे काय, तर गाडी धुताना घडीवर साधं पाणी मारा, डिझेल-पेट्रोलने पुसू नका. जॅक लावण्याआधी सस्पेन्शन बंद करा. खाली बसलेली गाडी 'जवळच तर जायचंय' म्हणून चालवू नका, रिकामा फुगा चिमटून फाटतो. फुगा बदलला तर रिलेही बदला आणि ड्रायर तपासा. जुनी गाडी घ्यायला जाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा, 'मी येईपर्यंत सुरू करू नका', म्हणजे रात्रीतून बसलेला कोपरा दिसेल.

शेजारच्या वर्कशॉपने कॉइल टाकलेल्या गाड्याच हल्ली माझ्याकडे येतात. डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही, हेडलाइटची पातळी बिघडते, आणि मालकाला पुन्हा हवा हवी असते. पाठवताना ते वर्कशॉपवाले आमच्या गॅरेजचं नाव मात्र सांगत नाहीत. 'आमचा एक माणूस आहे' म्हणतात.