रामनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड: 144 चं पीक सरकतं तेव्हा

सांगलीत नॅनोकणांचं हरित संश्लेषण म्हटलं की हळदीचा अर्क आलाच. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण बनवायला मीही तोच घेतला. 5 ग्रॅम हळद 100 मिली पाण्यात 20 मिनिटं उकळून दोनदा गाळली. त्यातल्या 50 मिली अर्कात, 20 मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये मिसळलेलं 5 मिली टायटॅनियम टेट्रा-आयसोप्रोपॉक्साइड थेंबथेंब सोडलं. जुलैत ही बाटली उघडी ठेवू नका, हवेतल्या ओलाव्यानेच पांढरा साका धरतो आणि बूच चिकटून बसतं. तीन तास ढवळणं, धुणं, 100 अंशांवर वाळवणं आणि मग 450 अंशांवर दोन तास भट्टी. पावडर पांढरीशुभ्र निघायला हवी होती, निघाली बिस्किटी रंगाची. हा रंग लक्षात ठेवा.

पावडरीत नेमकं काय तयार झालं ते रामन यंत्र सांगतं: नमुन्यावर लेसर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाची ऊर्जा किती बदलली ते वेव्हनंबरमध्ये (सेंटिमीटरमागे लहरींच्या संख्येत) मोजायचं; प्रत्येक स्फटिकाची पिकं ठरलेल्या आकड्यांवर येतात. नमुने घेऊन एसटीत बसण्याआधी प्रयोगशाळेला पहिला प्रश्न विचारायचा: लेसरचा मूळ प्रकाश अडवणारा तुमचा फिल्टर किती वेव्हनंबरपासून पुढचं दाखवतो? ॲनाटेजचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या मला हव्या असलेल्या स्फटिकरूपाचं, सगळ्यात ठळक पीक 144 वर असतं. यंत्र 200 पासून सुरू होत असेल तर नेमकं तेच कापलं जातं आणि उरलेल्या पिकांवर भागवावं लागतं. ग्रेटिंगही, म्हणजे प्रकाश फाकवणारी रेषांची जाळी, विचारा. दोन वेव्हनंबरचा सरक मोजायचा तर मिलिमीटरला 1800 रेषांचं हवं, 600 च्या ग्रेटिंगवर मी विश्वास ठेवत नाही.

पावडर काचेच्या स्लाइडवर थेट नको, काचेची रुंद पार्श्वभूमी मध्ये येते. स्लाइडवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, चिमूटभर पावडर ठेवायची आणि दुसऱ्या स्लाइडने दाबून सपाट करायची. सिलिकॉनचा तुकडा फक्त कॅलिब्रेशनपुरता, त्याचं पीक 520.7 वर आणायला. त्यावरच नमुना पसरला तर ते पीक ॲनाटेजच्या 516 च्या पिकात मिसळतं. हे 516 मुळात 513 आणि 519 अशा दोन पिकांची जोडी आहे; ती सुटी दिसायला नमुना बराच थंड करावा लागतो.

532 नॅनोमीटरचा लेसर, 50 पट लेन्स, 100 ते 800 ची पट्टी, 10 सेकंदांची पाच आवर्तनं, पाच वेगवेगळ्या जागा. पहिल्याच आलेखात 484 च्या आसपास एक सुईसारखी रेघ उभी राहिली. ॲनाटेजमध्ये 399 ते 516 हा पट्टा मोकळा असतो, म्हणून तिथे काहीही दिसलं की रुटाइल, म्हणजे दुसरं स्फटिकरूप, सापडल्याचा मोह होतो. पण रुटाइल 447 वर आणि तेही रुंद येतं. ही रेघ खोलीतल्या ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची होती. पाऱ्याचा 546 नॅनोमीटरचा प्रकाश 532 च्या लेसरपासून मोजला की बरोबर तिथेच पडतो. दिवा बंद केला, रेघ गेली. एखादी सुई एकाच आवर्तनात दिसून पुढच्यात नसेल तर तो वैश्विक किरण, तेवढं आवर्तन टाकून द्यायचं.

आता खरा गुंता. 5 मिलिवॉटवर माझं मुख्य पीक 144 ऐवजी 151 वर आलं, शिवाय फुगलेलं. दहा नॅनोमीटरच्या आतले कण हे पीक वर सरकवतात आणि रुंद करतात, त्यामुळे ‘कण अगदी बारीक झाले’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ऑक्सिजनची कमतरताही तेच करते आणि तापलेला नमुनाही तेच करतो. शुद्ध ॲनाटेज 532 चा प्रकाश जवळपास शोषत नाही, कारण त्याला 387 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबी लागते. बिस्किटी पावडर मात्र शोषते. लेन्सखालचा ठिपका जेमतेम एक मायक्रॉनचा, आणि सैल पावडरीतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

म्हणून त्याच जागेवर पॉवर बदलत गेलो. 0.5 मिलिवॉटला पीक 146, 2 ला 148, 5 ला 151. परत 0.5 वर आणलं, पुन्हा 146. म्हणजे मधले पाच वेव्हनंबर निव्वळ उष्णतेचे. परत आल्यावरही पीक वेगळ्याच जागी राहिलं असतं, तर लेसरने नमुनाच बदलला असं समजावं लागलं असतं.

रंगाचं कारण शोधायला एकदा 1800 पर्यंत मोजलं. 1350 आणि 1590 जवळ कार्बनचे दोन रुंद उंचवटे, म्हणजे हळदीचं न जळलेलं शिल्लक. पार्श्वभूमीचा चढही त्यातलाच. तो चढ काढताना वरच्या घाताची बहुपदी 144 जवळ लावू नका. फिल्टरच्या कडेशी ती वाकते आणि पीक आपणच सरकवून बसतो.

उरलेली पावडर खलून, पातळ थरात पसरून 500 अंशांवर चार तास ठेवली. जाड थरात खालपर्यंत हवा पोचत नाही, पहिल्या खेपेला बहुधा तेच झालं होतं. या वेळी पांढरी निघाली. पीक 145.5 वर आलं आणि 0.5 ते 2 मिलिवॉटमध्ये हललं नाही. 447 वर काही नाही, 247, 322, 366 वरही नाही, म्हणजे ब्रुकाइट हे तिसरं स्फटिकरूप दिसत नाही. कणांचा आकार मी तरीही क्ष-किरण विवर्तनातल्या 25.3 अंशांच्या पिकावरूनच काढला. रामनचा आकडा अहवालात पॉवर, लेन्स आणि ग्रेटिंगसकट शेजारी लिहिला.